भैरवगढला ठेवलेला कुत्रा

इंग्रज साहेब मायदेशी परतताना आपला थोराड, झबरा कुत्रा वडिलांच्या हवाली करून गेला. उज्जैनच्या उन्हाळ्यात तो नुसता धापा टाकी. आई त्याला ओल्या गोणपाटावर बसवून रोज विंचरी, केसांतले गुंते कापी. पुढे नवं राज्य झालं, भोपाळ त्याची राजधानी झाली आणि वडिलांची बदली तिकडे झाली. तिथे एकच खोली मिळाली, म्हणून कुत्रा उज्जैनलाच, भैरवगढच्या ओळखीच्या रंगाऱ्याकडे ठेवला. दिवाळीत मी आणि आई त्याला भेटायला गेलो. वडिलांना काही तिकडे जाववेना.

रंगारी म्हणाला, "बाई, उसने खाना छोड़ दिया था. पिछले हफ्ते मर गया."

घरी परतल्यावर वडिलांनी विचारलं, "कसा आहे?"

"मजेत आहे," आई म्हणाली.

"बरं झालं," म्हणून वडील बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.