काटा खाली टेकल्यावर

अहमदपूर–नांदेड रस्त्यावर मी बावीस वर्षं काळीपिवळी जीप चालवतोय. सीट भरल्याशिवाय आमची गाडी सुटत नाही आणि डिझेलचा काटा खाली टेकल्याशिवाय आमच्यातला कुणी पंपाकडे वळत नाही. उतार लागला की इंजिन बंद करायचं, न्यूट्रल टाकायचं आणि गाडी आपसूक पळू द्यायची. यात मी सगळ्यांचा उस्ताद. आबा, म्हणजे माझे वडील, पारावर बसून सांगायचे, "माझा थोरला डिझेलच्या वासावर नांदेड गाठतो." ते ऐकायला मी मुद्दाम पारावरून चक्कर मारायचो.

पुढं धाकटा भाऊ पायलट झाला आणि ते कौतुक बंद पडलं. पारावर आता फक्त विमान. मला त्याचा हेवा वाटतो, आणि तो काही सभ्य हेवा नाही. त्याचा फोन आला की आबा उभे राहून बोलतात. माझा आला की विचारतात, कुठं अडकलास?

त्याच्या पायलट होण्यातली एक गोष्ट बरीच वर्षं फक्त आम्हा दोघांनाच ठाऊक होती. बारावीनंतर तो वैमानिकांच्या प्रवेश परीक्षेला निघाला, तेव्हा नांदेडच्या स्टेशनापर्यंत त्याला मी सोडणार होतो. काटा खाली टेकलेला होता. त्यानं दोनदा पंप दाखवला, मी दोनदा हसलो. माळाकोळीच्या अलीकडं जीप बंद पडली. कुणाच्या तरी मोटारसायकलवर जाऊन कॅनभर डिझेल आणलं, पण टाकी कोरडी पडल्यानं इंजिननं हवा धरली होती. ती काढेपर्यंत रेल्वे निघून गेली आणि त्याचं वर्षही गेलं. घरी त्यानं सांगितलं, "माझंच आवरायला उशीर झाला." आबा आठवडाभर त्याला फैलावर घेत होते. मी शेजारी बसून भाकरी खात होतो.

यंदा जानेवारीत त्याला हैदराबाद–नांदेड विमानावर ड्यूटी लागली. आबांना आणि मला आपल्या विमानात बसवायचंच, असा त्याचा हट्ट. आम्ही जीप नांदेडच्या विमानतळावर लावली आणि रेल्वेनं हैदराबादला गेलो. विमानात आबा नवं धोतर नेसून ताठ बसले होते. कुणी विचारलं नव्हतं, तरी पलीकडच्या बाईंना त्यांनी दोनदा सांगितलं की विमान माझं पोरगं चालवून राहिलंय. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

नांदेडवर दाट धुकं होतं. ना गोदावरी दिसत होती, ना रस्ता. विमानानं एक चक्कर मारली, मग दुसरी. धाकट्याचा आवाज आला, आधी इंग्रजीत, मग हिंदीत आणि शेवटी खास आबांसाठी मराठीत. धावपट्टी दिसत नाही, थोडं थांबून बघू. मी पडलो ड्रायव्हर, माझं डोकं थेट काट्यावर गेलं. किती उरलं असेल? भीती वाटलीच. पण खरं सांगतो, भीतीच्या खाली मला बरंही वाटत होतं. होऊ दे एकदा याची फजिती, तीही आबांसमोर.

तिसऱ्या चकरेनंतर त्यानं सांगितलं की आपण हैदराबादला परत जातोय. मी आबांच्या कानाशी लागलो. म्हणालो, भ्याला तो, मी असतो तर उतरवलं असतं. आबांचा चेहरा पडला. बऱ्याच वर्षांनी ते माझ्याकडं जुन्या नजरेनं बघत होते, आणि उरलेला प्रवास मी मजेत केला.

हैदराबादला इंधनाचा टँकर येऊन लागला. आम्ही सगळे सीटवरच होतो; लोकांची कुरकुर ऐकून धाकटा कॉकपिटमधून बाहेर आला. आबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "त्येल संपलं व्हतं का?"

"नाही आबा. वळलो तेव्हा सव्वा तासाचं होतं."

"मग माघारी कशाला आणलास?"

त्यानं शांतपणे समजावलं. परत यायला पाऊण तास लागतो, आणि त्यावर अर्ध्या तासाचं राखून ठेवावं लागतं. उतरायला जमेल, जमेल म्हणत तिथंच फिरत राहिलो असतो तर राखलेलं जाळावं लागलं असतं. "त्या अर्ध्या तासाला हात लावायचा नसतो, आबा."

हे बोलताना त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला कळलं आणि तेही झोंबलं.

आबांना काही पटलं नाही. लोक बघत होते, त्यांना कानकोंडं झालं होतं. "तुझं पैल्यापास्नं असंच हाय," ते म्हणाले. "परीक्षेच्या टायमाला बी तू पोचला न्हाईस. थोरला असता तर धुक्यात बी उतरला असता."

हेच ऐकायला मी इतकी वर्षं थांबलो होतो. धाकटा नुसता हसला, "हाव आबा" म्हणाला आणि वळला. त्या वर्षी बोलणी खाल्ली होती, तशीच आताही खाल्ली. मीही तेव्हासारखा गप्प बसू शकत होतो. पण हा यातसुद्धा माझ्यापेक्षा मोठा ठरतोय, हे मला बघवेना. चांगुलपणा नव्हता तो, हेवाच होता.

"आबा, त्या दिवशी माझ्या गाडीतलं डिझेल संपलं होतं," मी म्हणालो. "त्याची रेल्वे माझ्यामुळं चुकली."

धाकटा कॉकपिटच्या दारात क्षणभर थांबला. मागं न बघता आत गेला. आबांनी माझ्याकडं बघतच पट्टा लावला.

धुकं निवळल्यावर आम्ही नांदेडला उतरलो. धाकट्याला लगेच परतायचं होतं. आबा माझ्यापुढं चालत जीपपर्यंत आले. पुढच्या सीटवर बसून त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. मी चावी फिरवली, काटा नेहमीसारखा खाली टेकलेला. सवयीनं तोंडातून गेलं की वाटेतल्या लोह्यापर्यंत जाईल आरामात.

आबा समोर बघत म्हणाले, "आधी पंपावर घे."