ट्रकखाली फुटलेली गारगोटी

हे गेले, आणि माझ्यासाठी दोन पोती दगड ठेवून गेले.

चेष्टा नाही. पलंगाखाली आहेत. काल मुलाने ओढून बघितली, जागची हलेनात.

आमचे हे म्हणजे सुधाकर सर. भिवंडीत ज्यांना यांनी सायन्स शिकवलं, त्यांना वेगळं सांगायला नको.

एटीजमध्ये लग्न होऊन मी कामतघरच्या चाळीत आले. बाहेर लूमची खडखड, आत नवऱ्याचे दगड.

रविवारी बाकीचे नवरे बायकोला पिक्चरला न्यायचे. हे मला सायकलवर डबलसीट बसवून दापोड्याच्या एका टेकाडावर न्यायचे. तिथे आदिमानवाची दगडी हत्यारं आहेत, असं यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

मी एकदा विचारलं, "साधा फुटका दगड आणि हत्यार, ओळखायचं कसं?"

यांनी माझा अंगठा धरून दगडाच्या कडेवरून फिरवला.

"ऊन-पाण्याने दगड कसाही फुटतो. माणूस फोडतो तेव्हा ओळीने टवके काढतो. त्याला त्या दगडाकडून काम करून घ्यायचं असतं. ते काम दगडावर दिसलं पाहिजे."

नाइन्टीजमध्ये त्या टेकाडावर गोडाऊन बांधायचं ठरलं. मुरूम भरून ट्रक निघायला लागले. यांचा जीव कासावीस.

यांनी पुण्याच्या एका तज्ज्ञ बाईंना बोलावलं. हत्यारं खरी निघाली तर खोदकाम थांबवा म्हणून सांगता तरी येईल, एवढीच आशा.

आणि ती आशा एका गारगोटीवर होती. तळहातात मावणारी, एका कडेला ओळीने टवके. टेकाडाच्या वाटेवर सापडलेली. हे तिला कोणाला हात लावू द्यायचे नाहीत.

बाई यायच्या आदल्या संध्याकाळी हे टेकाडावरून आले ते चहाही घेईनात. खिशातून दुसरी गारगोटी काढून पहिलीच्या शेजारी ठेवली.

अगदी तसेच टवके.

"माझ्यासमोर भरलेला ट्रक गेला हिच्यावरून. ओळीत उडाले टवके. मी उचलायला वाकलो तर ड्रायव्हर म्हणतो, मास्टरजी, पत्थर में सोना है क्या?"

मी म्हटलं, "दुसरी फेकून द्या. पहिलीच दाखवा. त्यांना कुठे कळणार आहे? टेकाड तरी वाचेल."

"मला कळलंय ना," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी यांनी दोन्ही गारगोट्या बाईंपुढे ठेवल्या आणि ट्रकचं स्वतःच सांगून टाकलं.

बाईंनी बाकीचे दगडही भिंग लावून नीट पाहिले. जाताना हळूच म्हणाल्या, "सर, हे सगळे आपोआप फुटलेले आहेत."

टेकाड गेलं. आज तिथे गोडाऊन आहे.

मला यांचा राग आला होता. बरेच दिवस होता. एवढा खरेपणा कशाला हवा, असं वाटायचं.

ती पहिली गारगोटी यांनी मोरीत टाकून दिली. मी उचलली. मासळीची खवलं काढायला बरी पडायची. खेकड्याचे नांगेही मी तिनेच फोडायचे.

एकदा यांनी बघितलं. "अगं, ते खोटं आहे."

"असू दे. खवलं तर खरी निघतायत."

त्या सगळ्या प्रकारानंतर हे पहिल्यांदा हसले. पुढच्या रविवारी सायकल बाहेर काढली. या वेळी शेलारच्या बाजूला.

तिथून आणलेले तेच हे पलंगाखालचे दगड.

रविवारी यांचं पुण्यानुमोदन आहे. मुलगा म्हणतो, आई, पोती शेलारच्या माळावर रिकामी करून येतो. म्हटलं, ये करून. माळावरचे दगड माळावर जाऊ देत. घर तसंही फार रिकामं वाटतंय, त्यात दोन पोत्यांनी काय फरक पडणार.

गारगोटी मात्र ओट्यावरच आहे.

इतकी वर्षं वापरून तिची कड बोथट झालीय. अंगठा टेकतो तिथे तेलकट चकाकी आलीय. काल धुताना तिच्यावरून अंगठा फिरवला, तुम्ही शिकवलं होतं तसा.

अहो, काम दिसतंय हिच्यावर.

आता पुण्याच्या बाईंना दाखवायला हरकत नाही.

तुम्हाला अखेरचा जयभीम.