गाडीनं प्यालेलं पाणी

माझा डावा पाय गुडघ्याखाली नाही. कपाशीच्या गाठी घेऊन जाताना महामार्गावर झालेल्या अपघातात तो गेला, आणि त्याच्यासोबत पंचवीस वर्षांची ड्रायव्हरकी गेली. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. कारण हीच गोष्ट मी सहा वर्षं खेड्यापाड्यांतल्या लोकांपासून लपवत बसलो, आणि त्यातून जे झालं तेच इथे लिहायचं आहे.

अपघातानंतर सात महिने मी देवळीच्या घरात खाटेवर होतो. बायको त्याच्या आधीच वारली होती. मुलगी पुण्याला नोकरीत. ती महिनाभर येऊन राहिली, मग तिलाही जावं लागलं. सात महिने मी छताचा पंखा बघितला. दुपारी शेजारच्या घरात कुकर लागायचा, त्याच्या शिट्या मोजायचो. चौथी शिट्टी झाली की गॅस बंद व्हायचा आणि माझं दिवसाचं काम संपायचं. त्या सात महिन्यांची मला अजून धास्ती आहे. मरणाची नाही, त्या खाटेची.

मग कळलं की एका ठेकेदाराचा जुना ऑटोमॅटिक पिकअप ट्रक विकायचा आहे. क्लच नाही, दोनच पेडल, दोन्ही उजव्या पायानं दाबायची. आमच्या भागात असली गाडी शोधून सापडत नाही. लायसनवर तशी नोंद करून घेताना माझ्या चपला झिजल्या, म्हणजे एकच झिजली. पण गाडी दारात आली आणि मी पुन्हा ड्रायव्हर झालो.

तेलगिरणीतून सरकीची ढेप उचलायची आणि आठवड्याला ठरलेल्या गावांत गुराढोरांवाल्यांना नेऊन द्यायची, असा धंदा धरला. गावात शिरलो की दोनदा हॉर्न द्यायचा. लोक येऊन आपापली पोती उतरवून घ्यायचे, पैसे खिडकीतून द्यायचे, आणि मी पुढच्या गावाला. मी खाली कधीच उतरत नसे. फुलपँट, खोट्या पायातही बूट, सीटवर ताठ बसलेला मी. कोणाला काही कळायचं कारण नव्हतं. मला कीव नको होती. सात महिने भेटायला येणाऱ्यांच्या चेहऱ्यावर ती बघून माझं डोकं फिरलं होतं. एका गावात पोरं मला 'ढेपवाला साहेब' म्हणतात असं कानावर आलं तेव्हा मी मनात खूषही झालो. असला मूर्ख मी.

उतरत नसे म्हणून वाटेत पाणीही पीत नसे. पाणी प्यालं की लघवीला उतरावं लागतं, साधा हिशोब आहे. सकाळी निघताना अर्धा कप चहा, आणि मग घरी आल्यावर तांब्याभर पाणी. उन्हाळ्यातसुद्धा.

शेवटच्या गावात, वस्तीच्या टोकाला एक म्हातारी राहायची. एक म्हैस, चार कोंबड्या आणि ती. म्हशीशी ती गोंडीत बोलायची, माझ्याशी वऱ्हाडीत. आठवड्याला अर्धं पोतं ढेप घ्यायची. पहिल्याच फेरीला ती पाण्याचा भरलेला गुंड, म्हणजे कळशी, आणि वर गिलास घेऊन खिडकीशी आली.

"पानी पे बापू. लय ऊन हाय."

मी म्हटलं, "मले नको माय. गाडीले टाक. गाडीच तहानली हाय."

ते खोटं नव्हतं. रेडिएटरचा वरचा पाइप थेंबथेंब गळायचा आणि आठवड्याला त्याला जोडलेल्या बाटलीतलं पाणी खाली जायचं. मी आतून बॉनेटचा खटका ओढला, पोतं उतरवणाऱ्यानं ते वर धरलं आणि तिनं बाटलीत पाणी ओतलं. पुढच्या आठवड्यात ती न सांगता गुंड घेऊन उभी. तेव्हापासून तो रिवाजच पडला. माझा हॉर्न ऐकला की ती बाहेर यायची, गाडीला पाणी पाजायची आणि खिडकीशी उभी राहून पाच-दहा मिनिटं बोलायची. म्हशीनं काय केलं, कोणाच्या घरी काय शिजलं, यंदा कपाशीची पऱ्हाटी कशी आहे. मी हूं हूं करायचो. पण आठवडाभरात माझ्याशी एवढं बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. मुलीचा फोन रविवारी यायचा, "जेवले का बाबा" पासून "बरं ठेवते" पर्यंत दोन मिनिटांत उरकायचा. तिचा दोष नाही, मीच बोलत नसे.

खरं सांगायचं तर तो पाइप बदलावा असं मला वाटतच नव्हतं. पाइप बदलला असता तर गुंडाचं कारण संपलं असतं.

सहा वर्षं हे चाललं. मग एका मे महिन्यात परतीच्या वाटेवर इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढायला लागला. दोनदा थांबत, इंजिन गार होऊ देत कशीबशी गाडी वर्धा रोडवरच्या मिस्त्रीकडे आणली. हा मिस्त्री मला ट्रक चालवायचो तेव्हापासून ओळखतो, त्यामुळे तोंडाला लगाम नाही. इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत त्यानं रेडिएटरच्या झाकणाला हात लावू दिला नाही. मग झाकण उघडलं, आत बोट घातलं आणि ते माझ्या नाकासमोर धरलं. बोटावर तांबडा गाळ होता, झाकणाच्या कडेला पांढरे खार जमलेले.

"यात काय टाकून राह्यले भाऊ?"

"पाणी."

"कोन्तं?"

"बोअरचं."

"कोन टाकते?"

"मीच," मी म्हटलं. का खोटं बोललो कोण जाणे.

त्यानं गिअरबॉक्सच्या तेलाची दांडी ओढली, पांढऱ्या फडक्यावर पुसली आणि डाग उजेडात धरून बघत राहिला. शेवटी म्हणाला, "लाल हाय. वाचले."

मग त्यानं एका फळीवरून काचेची बरणी काढली. कुठल्यातरी दुसऱ्या ऑटोमॅटिक गाडीतून काढलेलं तेल त्यानं जपून ठेवलं होतं. गुलाबाचं सरबत घातलेल्या दुधासारखं ते गुलाबी, दाट होतं. त्यानं उकिडवं बसून मला नीट समजावलं. या गाडीत गिअरबॉक्सचं तेल थंड व्हायला रेडिएटरच्या आत येतं, एका नळीतून. नळीच्या आत तेल, बाहेर पाणी, मधे फक्त पातळ पत्रा. साध्या पाण्याऐवजी कूलंट असलं तर तो पत्रा टिकतो. खारं पाणी पडत राहिलं तर पत्रा गंजतो, एक दिवस भोक पडतं, आणि पाणी तेलात शिरतं. तेल असं गुलाबी होतं आणि आतल्या प्लेटी सुटतात. मग गिअरबॉक्स भंगारात.

"अन् भाऊ, इकडे याचा गिअरबॉक्स भेटत नाई," तो म्हणाला. "क्लच दाबाले तुमच्याजवळ पाय नाई. हा डब्बाच तुमचा डावा पाय हाय. एक गेला, आता दुसरा बी घालवता काय?"

मला राग आला. मला समोर ती खाट दिसत होती, आणि वरचा पंखा.

त्यानं नवा रेडिएटर बसवला, गळका पाइप बदलला, आतली सगळी वाट गाळ निघेपर्यंत धुतली. शिवाय तेलाची नळी रेडिएटरमधून काढूनच टाकली आणि समोरच्या जाळीमागे तेलासाठी वेगळा लहान कूलर लावला. आता तेल आणि पाणी एकमेकांच्या शेजारीसुद्धा येणार नाहीत. कूलंटचा एक डबा माझ्या सीटमागे ठेवला आणि बजावलं, "याच्यात आता कोनाले हात लावू द्याचा नाई. सकाळी इंजन थंड असतानी सोता उतरून पाहाचं. कमी वाटलं त डब्यातलंच टाकाचं. पाण्याचा एक थेंब बी नाई."

पुढच्या फेरीला म्हातारी नेहमीप्रमाणे गुंड घेऊन आली. मी खिडकीतूनच म्हटलं, "माय, गाडीले पाणी नको आता. चालत नाई तिले."

ती थांबली. गुंड कमरेवर तसाच. तिनं गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"नाई चालत?"

"नाई."

मिस्त्रीनं सांगितलेलं सगळं तिला सांगता आलं असतं. रेडिएटर, नळी, पत्रा. पण मला वाटलं, हिला काय कळणार, आणि मागून दुसरं कोणी हॉर्न देत होतं. ती वळली आणि भरलेला गुंड घेऊन घरात गेली. सुटे पैसे घ्यायलाही थांबली नाही.

त्याच्या पुढच्या आठवड्यात ती बाहेर आलीच नाही. शेजारचा माणूस म्हणाला, "बुढीनं ढेप नाई पायजे म्हणून सांगतलं." मी दोनदा हॉर्न दिला, मग तिसऱ्यांदा. कोंबड्या तेवढ्या पळाल्या.

तो आठवडा मला फार जड गेला. गाडी मस्त चालत होती, काटा जागचा हलत नव्हता, तेल लालभडक होतं, आणि मी तीन-तीन दिवस कोणाशी धड बोललो नव्हतो. दुकानदाराशी बोलताना माझा आवाज घोगरा निघाला तेव्हा ते ध्यानात आलं. पाय वाचवला म्हणायचं, आणि जायचं कुठं तर ज्या एका खिडकीशी कोणी उभं राहायचं तिथं आता कोणी नाही. रविवारी मुलीला म्हटलं, "अजून थोडं बोल." ती घाबरली. म्हणाली, "बाबा, बरं नाही का?"

तिसऱ्या आठवड्यात म्हातारीच्या घरासमोर गाडी लावली आणि बंद केली. हॉर्न दिला नाही. दार उघडलं, दांडीला धरून उलटा वळलो, आधी खोटा पाय खाली सोडला, तो नीट टेकला का बघितलं, मग खरा. पोती घ्यायला आलेले दोघं-तिघं तसेच उभे राहिले. अंगणापर्यंत वीसेक पावलं असतील. मी हेलपाटत चालतो, खडबडीत जागेवर जास्तच.

ती अंगणात पऱ्हाट्यांच्या काड्या मोडत बसली होती. तिनं वर बघितलं नाही, आधी माझे पाय बघितले. मग वर बघितलं.

"पाय कवा गेला?"

"गाडी घेतली त्याच्या आधी."

"म्हंजे पह्यलेपासून?"

"हो."

तिनं हातातली काडी खाली ठेवली. मग हळू म्हणाली, "मले वाटे, गोंडाचं घर हाय म्हणून हा मानूस उतरत नाई. आमच्या अंगनात पाय टेकवला त इटाळ होते याले. पानी बी पेत नाई. मी म्हनो, जाऊ दे. मानूस नाई पेत त नाई पेत, त्याची गाडी त पेते." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मंग तू त्या दिवशी म्हनलं, गाडीले बी चालत नाई."

सहा वर्षं मी कीव टाळत बसलो होतो, आणि सहा वर्षं ही बाई दर आठवड्याला माझा अपमान गिळून गुंड भरून आणत होती. पोरं 'ढेपवाला साहेब' टोमण्यानं म्हणत होती, तेही मला तिथं उभ्या उभ्या कळलं. मला त्या अंगणात गाडून घ्यावंसं वाटलं.

"तसं नाई माय," एवढंच म्हणालो. "पाणी पेलं का उतरावं लागते. अन् उतरलं का पाय दिसते."

"येवढंच?"

"येवढंच."

ती उठली. आत गेली आणि गुंड घेऊन आली, वर गिलास उपडा. मला बसायला खाट ओढली. मी त्या खाटेवर बसलो आणि दोन गिलास पाणी प्यालो. खारं होतं, जिभेवर चव राहिली. मग रेडिएटरची नळी, पत्रा, गुलाबी तेल सगळं तिला सांगितलं. तिला बरोबर कळलं. म्हणाली, "त्याच्यानंच माह्या गुंडाले आतून पांढरं धरते," आणि ढेपेच्या अर्ध्या पोत्याचं विचारलं.

परत येताना देवळीच्या अलीकडे गाडी थांबवून रस्त्याच्या कडेला उतरावं लागलं. भर दुपार होती, येणारे-जाणारे बघत होते. उतरलो.