हात तुमचा

“ताई, हात तुमचा, डोकं माझं,” असं म्हणत नाना आमच्या घरी खुर्ची ओढून बसायचे आणि स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवायचे. कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलेला माणूस हातांवर बसून राहतो, हे तुम्ही कुठे पाहिलंय? मी पाहिलंय, जळगावात, मेहरूणमध्ये, चांगली आठ-नऊ वर्षं.

नाना दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त होऊन नानींसह आमच्या गल्लीत राहायला आले. माझं घरी टायपिंगचं काम. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, शाळांच्या प्रश्नपत्रिका. मशीन बंद पडलं की मी पण बंद. पहिल्यांदा त्यांना बोलावलं तेव्हा मला ते बसून राहणं साफ आळशीपणाचं वाटलं. “उंटावरून शेळ्या हाकतो म्हातारा,” असं मी शेजारणीला म्हणालेसुद्धा.

ती हळूच म्हणाली, “अगं, हात कापतात त्यांचे. कुठे बोलू नकोस.”

मग दिसायला लागलं. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं आणि एक अक्षर कुणी काढत नव्हतं. कोणत्याही घरी गेले तरी नानांना चहा अर्धाच कप मिळायचा, तो संपला की पुन्हा अर्धा. भरलेला कप त्यांच्या हातात हिंदकळला असता. हे कधी, कुणी ठरवलं, देव जाणे.

नाना स्वतः हातांचं नाव काढत नसत. एकदाच मला म्हणाले, “ताई, ज्या दिवशी लोक ‘राहू द्या नाना’ म्हणतील ना, त्या दिवशी मी संपलो.” आणि लगेच माझ्या यूपीएसच्या बॅटरीकडे वळले.

त्यांची पद्धत ठरलेली. आल्या आल्या कॅबिनेट उघडू द्यायचे नाहीत. आधी भिंतीतला प्लग, मग मागची वायर, मग मॉनिटरची वायर. “दाबून बघा. अजून दाबा. लाजताय काय?” निम्म्या वेळा तिथेच काम व्हायचं आणि मी तोंडात मारल्यासारखी गप्प बसायचे. उन्हाळ्यात कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या, तेव्हा त्यांनी मला अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतायला लावलं. कॉम्प्युटर बिघडला म्हणून बाई झाडाला घालावं तसं जमिनीला पाणी घालतेय, हे बघून समोरची मंडळी हसत होती. झिणझिण्या मात्र गेल्या.

पण माझा खरा पराक्रम कूलरचा. आमच्याकडचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. माणूस भाजून निघतो, तर मशीनचं काय होत असेल, या दयेपोटी मी कॅबिनेट कूलरच्या तोंडाशी नेऊन ठेवलं. पंधरा दिवसांत पडदा काळा आणि आतून टीं टीं टीं. नाना आले, कूलरकडे बघितलं, कॅबिनेटकडे बघितलं आणि नुसती मान हलवली.

“मशीनला वाळ्याचं पाणी पाजलं का, ताई?”

मग त्यांनी माझ्याकडून सगळं करवून घेतलं. वायर काढा. खिडकीच्या गजाला हात लावा, अंगातली वीज उतरू द्या. ती उभी पट्टी दिसते ना, ती रॅम. बाजूच्या खिट्ट्या उघडा, सरळ वर ओढा. पट्टीचे सोनेरी दात दमट हवेनं काळवंडले होते. नानांनी मान खाली करून खिसा माझ्यापुढे केला. “यातलं खोडरबर घ्या.” शाळेतलं असतं तसं पांढरं खोडरबर. मी दात घासले, पट्टी परत बसवली, कट् असा आवाज झाला. मशीन एकदाच ‘टीं’ म्हणालं आणि पडदा उजळला.

“बठ्ठं बराबर शे,” नाना म्हणाले, म्हणजे सगळं ठीक आहे. ते मूळचे धुळ्याकडचे. खूश झाले की अहिराणीत यायचे, आणि हे वाक्य झाल्याशिवाय उठायचे नाहीत.

तीन वर्षांपूर्वी नानी गेल्या आणि मुलीनं त्यांना धुळ्याला नेलं. मुलगी चांगली हो, वडिलांना तळहातावरच्या फोडासारखं जपणारी. त्यामुळेच पुढचं झालं.

एका गुरुवारी त्यांचा फोन आला. आवाज बारीक. “ताई, इथलं मशीन बंद पडलंय. दुकानातला माणूस बघून गेला, म्हणतो बोर्ड गेला, आता भंगारात द्या. जावई रविवारी देणार आहेत. मी म्हटलं, बोर्ड गेलेला नाही. पोरगी म्हणाली, राहू द्या नाना.”

मग मुद्द्यावर आले.

“यायला जमेल का? हात लागतील.”

प्रश्नपत्रिका गेल्या खड्ड्यात. शनिवारी सकाळी मी धुळ्याची एसटी पकडली.

मुलीनं दार उघडलं. “काकू, तुम्ही एवढ्या लांबून? अहो, ते जुनंच झालंय. नानांना उगाच वाटतं.” नाना खोलीत खुर्चीवर, हात मांड्यांखाली. तिनं चहा आणला, भरलेला कप, आणि तो स्वतःच त्यांच्या ओठांना लावला. नानांनी एक घोट घेतला आणि तोंड फिरवलं.

टेबलाशेजारी खिडकीत कूलर जोरात चालू होता. नानांनी मला डोळ्यांनीच तो दाखवला.

मी मशीन चालू केलं. पंखा फिरला, पडदा काळा, टीं टीं टीं. “ऐकलं?” नाना म्हणाले. “मेलेला माणूस कण्हतो का? बोर्ड जिवंत आहे.” जावई दाराशी उभे होते. मी वायर काढली, गजाला हात लावला, पट्टी काढली, खोडरबरानं घासली, बसवली. चालू केलं. टीं टीं टीं.

जावयांनी घड्याळ बघितलं. मुलगी हळूच म्हणाली, “नाना, राहू द्या ना आता.”

खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं, संपलं. नानांच्या मांड्यांखालचे हात एवढे थरथरत होते की खुर्चीचा पाय फरशीवर वाजत होता.

“दुसऱ्या खाचेत लावायची,” ते म्हणाले. मी वायर काढली आणि पट्टीला हात घातला, तर म्हणाले, “तुम्ही नाही, ताई.” मुलीकडे बघून अहिराणीत म्हणाले, “आते तू लाव, माय.”

“मला नाही जमायचं.”

“का? तुझ्या हातांना काय धाड भरलीय? डोकं माझं आहे ना?”

ती घाबरत पुढे आली. त्यांनी तिला गजाला हात लावायला लावला. पट्टीची खाच कुठे येते, अंगठे कुठे ठेवायचे, किती जोर द्यायचा, सगळं सांगितलं. “दाब. अजून. लाजतेस काय?” कट्. वायर लागली, बटण दाबलं. एकच ‘टीं’. पडदा उजळला.

जावयांनी जाऊन कूलर बंद केला. मुलगी स्वयंपाकघरात गेली आणि चहा घेऊन आली, तर कप अर्धाच भरलेला. तिनं तो नानांच्या पुढ्यात टेबलावर ठेवला आणि हात मागे घेतला. नानांनी मांडीखालून हात काढला, कप उचलला आणि स्वतः प्याले. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिले. डोळे भरले होते.

त्यानंतर नानांचा फोन आला नाही. परवा मुलीचा आला. “काकू, शेजाऱ्यांचं मशीन बिघडलं होतं, ते नानांना बोलवायला आले.”

“आणि हात कुणाचा?” मी विचारलं.

“माझा!” ती हसली.

मी ‘छान’ म्हटलं आणि फोन ठेवला. आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर पोटात दुखलंही. माझं मशीन चांगलं चालू होतं. तरी मी वायर काढली, गजाला हात लावला, कॅबिनेट उघडून सगळं पुसलं, परत लावलं. समोर नानांची खुर्ची ओढून ठेवली होती, रिकामीच. मशीन सुरू झालं, आणि ‘बठ्ठं बराबर शे’ ऐकू येईल म्हणून मी उगाच थोडा वेळ थांबले.