पुढच्या वर्षी जाणारे घाटेकाका

गॅरीचा फोन आला तेव्हा मी लॅपटॉपवर ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. गॅरी आमचा घरमालक. तो सहसा फोन करत नाही, काही सांगायचं असलं की ट्रक दारात उभा करून येतो. "तुमचे अंकल गेले," तो म्हणाला. "सकाळी कॉफीला आले नाहीत म्हणून बघायला गेलो, तर खुर्चीतच..." मी आभार मानले आणि मीटिंग पूर्ण केली. रडू वगैरे आलं नाही. घाटेकाका माझे काका नव्हतेच. कॅन्ससच्या पश्चिमेकडच्या या गावात आमच्या आधीपासून राहणारं एकमेव मराठी माणूस, एवढंच आमचं नातं. ते गेले त्याला आता काही आठवडे झाले, म्हणून जरा शांतपणे लिहिता येतंय.

गाव म्हणते ती मी. इथले लोक सिटी म्हणतात, पाटीवरही तसंच लिहिलंय. एक हॉस्पिटल, एक लहान कॉलेज, धान्याची उंच कोठारं आणि त्यापलीकडे नजर जाईल तिथवर गहू. माझा नवरा निखिल डॉक्टर आहे. आमच्यासारख्या व्हिसावरच्या डॉक्टरला या देशात राहायचं तर अशा आडगावात तीन वर्षं काम करावं लागतं. ती झाली की माणूस मोकळा, आणि मोकळा झालेला प्रत्येक डॉक्टर इथून जर्सी नाहीतर टेक्सास गाठतो. आम्हीही तेच करणार होतो. जर्सीतलं पार्सिपनी सोडताना मी मैत्रिणींना सांगूनच निघाले होते की खोल्या बघून ठेवा, आम्ही आलोच.

पार्सिपनीत घर शोधायचं म्हणजे अ‍ॅपवर फोटो बघायचे आणि अर्ज टाकायचा. इथे अ‍ॅपवर एकच घर दिसत होतं, तेही कधीच विकलं गेलेलं निघालं. आम्ही मोटेलमध्ये कंटाळून गेलो होतो तेव्हा हॉस्पिटलमधल्या एका नर्सने काकांचा नंबर दिला. कॉलेजात गणित शिकवून रिटायर झालेले, मूळचे नागपूरचे, बायको सुमन जाऊन बरीच वर्षं झालेली. कडक इस्त्रीचा शर्ट घालून ते मोटेलच्या लॉबीत आले. निखिलच्या हातात फाइल होती. पगाराच्या स्लिपा, क्रेडिट रिपोर्ट, जुन्या मालकाचं शिफारसपत्र, सगळं पुणेरी शिस्तीत लावलेलं. काका म्हणाले, "अरे बाप्पा! हे गाडीतच ठेव तू. इथे पेपर नाही बघत कोणी, माणूस बघतात. आणि हे बघा, घराचं नाव काढायचं नाही. कॉफी प्यायची आणि ऐकायचं."

तर आम्ही कोठारांजवळच्या एका कॅफेत जाऊन बसलो. टोप्या घातलेले पाचसहा शेतकरी पावसाबद्दल, गव्हाच्या भावाबद्दल आणि शाळेच्या फुटबॉल टीमबद्दल बोलत होते. आम्ही दुसऱ्या दिवशीही गेलो, तिसऱ्याही. आमच्याशी कोणी विशेष बोलेना आणि मला तर हा सगळा प्रकार मुलगी दाखवण्याचाच वाटायला लागला. शेवटी एकदा गॅरीने कप खाली ठेवून निखिलला विचारलं, "गवत कापता येतं का?" निखिल म्हणाला, "नो प्रॉब्लेम, आम्ही माणूस ठेवू." टेबलावरचे सगळे आपापल्या कपात बघायला लागले. काका शांतपणे म्हणाले, "शिकेल तो. मी शिकवतो." संध्याकाळी गॅरीने किल्ली आणून दिली. काकांच्या घरापासून दोन दारं सोडून. काका राहत होते ते घरही त्याचंच.

घरात शिरलो त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर सासूबाई होत्या. नव्या घरात पहिलं दूध उतू घालवायचं, भाड्याचं असलं म्हणून काय झालं, असा त्यांचा हुकूम. मी पातेलं इलेक्ट्रिक शेगडीवर ठेवलं आणि उतू जाऊ दिलं, जरा जास्तच. तापलेल्या कॉइलवर दूध जळून असा धूर झाला की अलार्म कोकलायला लागला. खिडक्या उघडल्या तर धूर बाहेर, आणि समोरच्या बाईंनी फायर ब्रिगेडला फोन केला. इथली ब्रिगेड म्हणजे गावातलीच माणसं. बंबावरून जे उतरले त्यांत बूट आणि हेल्मेट घातलेला आमचा घरमालकही होता. सासूबाई पुण्याहून "झालं का, झालं का" विचारतच होत्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

तेवढ्यात काका आले. शेगडी बघितली, सगळं ओळखलं, आणि ओट्यापाशी उभ्या असलेल्या त्या दांडग्या माणसांना इंग्रजीत सांगितलं, "आमच्याकडे एखाद्या घरात कायमचं राहायचं ठरवलं की पहिल्या दिवशी असं करतात." गॅरीने हेल्मेट काढलं. बाकीच्यांनीही काढली. त्या आठवड्यात आमच्या दारात इतके अ‍ॅपल पाय आणि केक आले की फ्रीजमध्ये जागा उरली नाही.

सगळे गेल्यावर मी म्हटलं, "काका, आम्ही तीन वर्षांनी जाणार आहोत. तुम्हाला माहितीय."

"माहीत आहे ना. पण आजच कशाला सांगायचं त्यांना? दरवेळी सवय होते डॉक्टरची आणि तो जातो."

"तुम्ही आलात तेव्हा दूध उतू घालवलं होतं का?"

"छे. सुमन म्हणाली, भाड्याचं घर, पुढच्या वर्षी तर परत जायचंय नागपूरला. उगाच कशाला..." मग शेगडी पुसता पुसता म्हणाले, "मुग्धा व्हायची होती तेव्हा."

मुग्धा म्हणजे त्यांची मुलगी. ती सिअ‍ॅटलला असते, तिची स्वतःची मुलं आता कॉलेजात आहेत.

काकांशी फार भावुक व्हायची सोय नव्हती. त्यांनी निखिलला गवत कापायला शिकवलं, आणि पट्टे सरळ आले नाहीत म्हणून परत कापायला लावलं. वादळाचा भोंगा वाजला की आम्ही त्यांच्या तळघरात जायचो, कारण आमच्या घराला तळघर नव्हतं. तिथे टीव्हीची, मिक्सरची, पंख्याची मूळची खोकी घडी घालून नीट रचून ठेवलेली असायची. यातल्या अर्ध्या वस्तू कधीच भंगारात गेल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाले, "शिफ्टिंगला लागतात. ऐन वेळी कुठून आणणार?" बाहेर वारा घोंघावत होता म्हणून मी हसले नाही. मागच्या दिवाळीत फराळाला आले तेव्हा चकली मोडत त्यांनी विचारलं, "जर्सीत घरं बघायला लागलात की नाही?" मी हो म्हटलं. "बघा, बघा. उशीर करू नका." त्यांनी राहा असं एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मला राग आला असता. न म्हटल्याचाही थोडा आला.

मुग्धा आली, तिने सगळं व्यवस्थित पार पाडलं आणि दोन बॅगांत बसेल तेवढं घेऊन गेली. जाताना म्हणाली, "प्लीज कीप व्हॉटेव्हर यू वाँट. आय कान्ट डू धिस एनीमोर." मग राहिलेलं सामान काढायला परवा मी आणि गॅरी काकांच्या घरी गेलो. पुस्तकं कॉलेजला द्यायची होती, भांडी चर्चला. घर रिकामं झालं तेव्हा गॅरी बाहेरच्या खोलीत उभा राहून भिंतींवरून हात फिरवत होता. भाडेकरू घर सोडताना मालक बघतात तसं. मी इतक्या वेळा तिथे चहा प्यायले होते, पण माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. भिंतीवर एकही खिळा नव्हता. घड्याळ टेबलावर उभं असायचं, कॅलेंडर फ्रिजला चिकटवलेलं, आणि काका-काकूंचा फोटो पुस्तकांच्या कपाटावर भिंतीला टेकवलेला. याच घरासमोर, पहिल्या बर्फात काढलेला. मुग्धाने त्याची कॉपी करून घेतली होती, फ्रेम तशीच कपाटावर होती.

"माझे वडील त्यांना सांगून थकले," गॅरी म्हणाला. "खिळे मारा, रंग बदला, वाटलं तर विकतच घ्या. ते म्हणायचे, नेक्स्ट इयर वुई आर गोइंग. बघ, बुजवायला एक भोक नाही. उद्या भाड्याने देता येईल." त्याने ते कौतुकाने म्हटलं. मला मात्र एकदम फार वाईट वाटलं, ते गेल्यापासून पहिल्यांदाच इतकं. आयुष्यभर या माणसाने दुसऱ्याच्या भिंती जपल्या.

गॅरीने दिवे मालवले. दारात येऊन, माझ्याकडे न बघता विचारलं, "समरमध्ये तुमची तीन वर्षं होतात, नाही का?"

म्हणजे त्याला माहीत होतं. बहुतेक सगळ्यांनाच माहीत होतं. जर्सीच्या हॉस्पिटलचं निखिलला पत्र आलंय, हे उत्तर माझ्या तोंडात तयार होतं.

"अजून ठरवलं नाहीये," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. मी कपाटावरचा फोटो काढून घेतला, काचेवरची धूळ ओढणीने पुसली. मग विचारलं, "आमच्या घरात एक खिळा मारला तर चालेल?"

"हातोडी ट्रकमध्ये आहे," गॅरी म्हणाला.