लॅब न सोडणारे मामू

इतका संशयी आणि इतका मायाळू माणूस अख्ख्या लातुरात दुसरा नव्हता, हे मी छातीठोकपणे सांगतो. मी शिकवत होतो त्या कोचिंग क्लासचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या या गृहस्थांना सगळे मामू म्हणत. किल्लारीहून रोज जीपनं येत. लॅबमधले कॉम्प्युटर ज्या लिनक्स प्रणालीवर चालत, तिला त्यांनी सुरक्षेचे असे कडक नियम लावले होते, की परवानगीशिवाय एक प्रोग्रॅम हलत नसे. मालकांचा पेनड्राइव्हसुद्धा तपासणी होईपर्यंत टेबलावर ताटकळे आणि मालक बाकावर. "तुमच्यावर शक न्हाई मालक, त्याच्यावर हाय," म्हणत मामू त्यांना थर्मासातला चहा पाजत. स्वतः मात्र लॅब सोडत नसत. क्लासच्या गॅदरिंगचं जेवणही त्यांनी दारातच स्टुलावर बसून उरकलं होतं.

एकदा घोळ मी घातला. सराव परीक्षा कागदाऐवजी कॉम्प्युटरवर घेऊ, असं मोठ्या तोंडानं मालकांना पटवलं. सकाळी पोरं जागेवर बसली, पालक खिडकीत, आणि प्रोग्रॅम सुरूच होईना. मालक म्हणाले, "सर, आज हे झालं न्हाई तर उद्यापासून तुम्ही तुमच्या गावी चाकूरला घरीच ऱ्हावा." मी मामूंना हात जोडले, "अहो, ती सुरक्षा तासभर बंद करा ना!"

मामूंनी चष्मा पुसला. घाई असली की ते तो दोनदा पुसत. "सर, पहारेकऱ्यानं अडवलं म्हणून त्याला हाकलायचं न्हाई. का अडवलं, ते इचारायचं." मग पडद्यावर कॉम्प्युटरनं ठेवलेल्या नोंदींच्या ओळींवरून बोट फिरवत बसले. माझा जीव टांगणीला. शेवटी सापडलं. परीक्षेच्या फाइली मी माझ्या खासगी फोल्डरमधून उचलून सर्व्हरवर हलवल्या होत्या. कुणी वाचायचं ते ठरवणारं त्यांच्यावरचं सुरक्षेचं लेबल खासगीच राहिलं, म्हणून सर्व्हरला त्या वाचायची मनाई होती. मामूंनी एका ओळीच्या हुकमानं लेबलं बदलली आणि परीक्षा सुरू झाली. मला तिथंच त्यांना मिठी मारावीशी वाटली.

रविवारी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेलो. पाहतो तर दाराला आतून कडीच नाही. मी चेष्टेनं म्हणालो, "मामू, कॉम्प्युटरला एवढा बंदोबस्त आणि घर असं मोकळं?"

"भूकंपात आतली कडी अडकली होती, सर. आमी भाईरून दार ढकलत ऱ्हायलो. अम्मी आत होती." त्यांनी पेढा माझ्याच हातावर ठेवला. "घराला तवापासून कडी न्हाई. लॅबमधी लेकरांचे पेपर हायत, तिथं लावावी लागते. पन मग उघडायला मी जवळच बसतो."

आता मामू थकले, गावीच असतात, मजेत असतात. लॅब माझ्याकडे आली आहे. दुपारी सगळे जेवायला बाहेर जातात. मी डबा तिथंच उघडतो.