नोंदीत उमटलेला पासवर्ड

ऑफिसात तिला सगळे ‘भिंग’ म्हणत, आणि तिला ते आवडायचंही. रोगनिदान प्रयोगशाळांचं संगणकाचं काम बघणाऱ्या कंपनीत ती अकरा वर्षं होती. तिथले छोटे छोटे प्रोग्राम वेगवेगळ्या कंटेनरांत, म्हणजे संगणकातल्या आपापल्या डब्यांत, बंद असत. कोणता कंटेनर कुठे चालवायचा ते एक मोठं सॉफ्टवेअर ठरवी आणि केल्या कामाच्या नोंदी लिहून ठेवी. बाकीचे त्या नोंदी वरवर चाळत. ही ओळ न् ओळ वाचायची.

एका मंगळवारी सकाळी एक कंटेनर सुरू होता होता बंद पडला. नोंदीत कारण लिहिलं होतं आणि त्याच ओळीत रुग्णांच्या रिपोर्टांचा पासवर्ड, चक्क उघडा! तिने चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

पण तिच्या मनात आलं ते वेगळंच. गेल्या आठवड्यात तिच्या ताईची तपासणी याच प्रयोगशाळेत झाली होती. “काही नाही गं, सगळं ठीक आहे,” म्हणून ताईने फोनवर विषय बदलला होता. आता हा पासवर्ड टाकला की ताईचा रिपोर्ट समोर.

बोटं कीबोर्डवर गेलीही. मग ती उठली, घोटभर पाणी प्यायली, नोंदी कोणाकोणाला दिसतात त्याची यादी छापली आणि साहेबांकडे गेली.

“अहो, नोंदी आपलेच लोक तर बघतात,” साहेब म्हणाले.

“आपले त्रेचाळीस जण. त्यातले चौघे नोकरी सोडून गेलेत. एकाच्या निरोपाचं भाषण तर तुम्हीच केलंत.”

साहेब हसले, पण यादी बघून त्यांनी लगेच फोन उचलला.

दुपारपर्यंत पासवर्ड बदलला, जुन्या नोंदी पुसल्या. चूक मुळात सॉफ्टवेअरचीच होती. तिने ते बनवणाऱ्यांना सविस्तर कळवलं. तीन आठवड्यांनी त्यांनी दुरुस्त आवृत्ती दिली.

पण त्या मंगळवारी संध्याकाळी ती थेट ताईकडे गेली. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती.

“ताई, रिपोर्ट काय आला? खरं सांग.”

“तुला कोण काय बोललं?”

“कोणीच नाही. म्हणून तर विचारतेय.”

ताईने घातलेली घडी मोडली, पुन्हा घातली. “गाठ आहे. लहान आहे म्हणे. गुरुवारी काढायचीय. तुझ्या जिवाला उगाच घोर नको म्हणून...”

“तो लागलाच होता. गुरुवारी मी रजा टाकते.”

गाठ साधीच निघाली. दवाखान्यात पडल्या पडल्या ताईने विचारलं, “तुमच्याकडे सगळ्यांचे रिपोर्ट असतात ना गं? माझा बघायचास की!”

“बघता आला असता.”

“मग?”

“तो तू सांगायचा होतास.”

ताई जरा सरकली आणि तिला पलंगावर बसायला जागा करून दिली.